‘डी विंग’च्या मालकांस अनावृत पत्र



आपल्या सोसायटीत ए, बी आणि सी अशा तीनच विंग आहेत, असं आम्ही गेली एकोणीस वर्षं धरून चाललो होतो. गणपतीनंतरच्या सोमवारी आपली गाडी गॅरेजमधून परत आली आणि तळघरात चौथी विंग उभी राहिलेली दिसली. कमिटीचा ठराव नाही, महापालिकेची मंजुरी नाही, पण बांधकाम चोख. ॲल्युमिनियमचे दोन उंच खांब, त्यांवर कार्बन फायबरचं काळं कुळकुळीत फळकूट, दोन्ही टोकांना उभ्या पाट्या. सी विंगमधल्या एका काकूंनी पहिल्याच दिवशी त्यावर ओला टॉवेल पसरला, हे आपल्या कानावर आलंच असेल. त्यांचा गैरसमज झाला. राग नसावा.

मी ए विंग, दुसरा मजला. पिंपरीच्या बाजूला गाड्यांच्या स्प्रिंगा बनवणाऱ्या एका कारखान्यात एकतीस वर्षं काढली. त्यामुळे आपल्या गाडीविषयी मला ममत्व आहे, आणि आता थोडी काळजीही. हे पत्र नोटीस बोर्डावर लावतोय, कारण आपण भेटता ते लिफ्टमध्ये, आणि दोन मजल्यांत हा विषय मावत नाही.

दोन वर्षांपूर्वी आपण ती गाडी आणलीत तेव्हा ती साधी पांढरी पोर्शे ९११ होती. ‘साधी’ हा शब्द आपल्याकडूनच घेतला. “काका, अजून स्टॉक आहे,” असं आपण म्हणाला होतात, घरात प्लास्टर राहिलंय म्हणावं तशा सुरात. मी मात्र त्या दिवशी भाजीची पिशवी हातात धरून दहा मिनिटं तिच्यापाशी उभा होतो. मागच्या चाकावरून पुढे उतरत जाणारी ती एक रेषा! तिच्यात काही कमी आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. माझं शिक्षण डिप्लोमापर्यंतच.

या गाडीचा इतिहास आपल्याला ठाऊक असेलच, तरी बोर्डासमोर उभ्या राहिलेल्या इतर सभासदांसाठी सांगतो. १९६३ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ती ‘९०१’ म्हणून आली. मधलं शून्य पेजो कंपनीला खटकलं, म्हणून ‘९११’ झाली. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे. असं इंजिन म्हणजे कडेवरचं अवखळ पोर. वळणावर पाय ब्रेककडे वळला की ते बाहेर झेप घेणार आणि गाडी गिरकी घेणार. सुरुवातीच्या गाड्यांत पुढचं टोक जमिनीला धरून राहावं म्हणून कंपनीने बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत अकरा-अकरा किलोची वजनं लपवली होती. मग १९६९च्या मॉडेलला मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली. १९७३च्या कॅरेरा आरएसला मागे बदकाच्या शेपटीसारखी छोटी पट्टी आली, ती वेगात उचलणारं बूड खाली धरायला. चुकीच्या जागी ठेवलेल्या एका इंजिनाची समजूत काढण्यात जर्मनांच्या तीन पिढ्या गेल्या. हे काम अर्धवट राहिलंय, हे आपल्याला एका रीलमध्ये समजलं.

तर, विंग.

याच कंपनीची नवी जीटी३ आरएस ही गाडी पंख, पुढची पाती, तळ असं सगळं धरून ताशी २०० किलोमीटरला ४०९ किलोंनी जमिनीला दाबली जाते. हा आकडा कंपनीचा. हवेचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो, म्हणजे वेग दहापटीने कमी तर दाब शंभरपटीने कमी. संध्याकाळी सातला कर्वे रस्त्यावर आपण ताशी वीसने जाता, तेही सिग्नल लागला नाही तर. ढोबळ हिशेबाने चार किलो. मंडईतून आणलेली एक पिशवी. ती मागे डिकीत ठेवली तरी भागलं असतं, पण ९११ची डिकी पुढे असते, ही अडचण मला मान्य आहे.

आणि ही चार किलो मिळतात ती कंपनीच्या पंखाला, जो वाऱ्याच्या बोगद्यात तपासून बसवलेला असतो. आपला पंख कोणत्या बोगद्यातून आला? मला वाटतं, स्वारगेटच्या. शिवाय तो मागच्या चाकांच्याही मागे बसवलाय. कधी पहाटे बायपासवर आपण खरोखरच दीडशे गाठलेत, आणि त्या फळकुटाने इमानेइतबारे काम केलं, तर सीसॉचं एक टोक दाबल्यावर दुसऱ्याचं जे होतं तेच होईल. पुढचं टोक हलकं. ज्या गाडीच्या नाकात तिच्या बापाने बावीस किलो बीड भरलं होतं, तिचं नाक आपण स्वखर्चाने उचललंत. जीटी३ आरएसमध्ये मागे एवढा पंख लावायचा म्हणून त्यांनी पुढच्या हवेची सगळी वाट बदलली, मध्यभागी मोठा रेडिएटर बसवला आणि त्यासाठी पुढच्या डिकीवर पाणी सोडलं. आपली डिकी शाबूत आहे. याचा अर्थ पंख नुसताच बसलाय.

रुंद मडगार्डांबद्दल विचारलं तेव्हा आपण मोबाइलवर जपानच्या अकिरा नाकाईंचा फोटो दाखवलात. हो, मी पाहिलंय त्यांचं काम, आणि मला ते आवडतं. माणूस स्वतः विमानाने येतो, टेप लावतो, करवत घेतो आणि मालकाच्या डोळ्यांदेखत पोर्शेचा पत्रा कापतो. प्रत्येक गाडीला नाव देतो. बारशासारखा सोहळा. पण या माणसाने सुरुवात केली ती जुन्या टोयोटा घसरवत, आणि त्याच्या गाड्या मोतेगीच्या ट्रॅकवर बारा-बारा तासांच्या हौशी शर्यती पळतात. रुंद टायर आधी आले, ते झाकायला रुंद मडगार्ड नंतर. आपल्याकडे मडगार्ड आधी आली, मग ती भरायला चाकं, मग चाकं बाहेर यावीत म्हणून स्पेसर. लग्नाआधी पाळणा घ्यावा तसं झालंय. ट्रॅकवर आपण एकदाही गेलेला नाहीत, हे आपणच लिफ्टमध्ये सांगितलंत.

टेप लावली, क्षमा असावी: एक मीटर अठ्ठ्याण्णव. मूळची १.८१. पार्किंगची जागा अडीच मीटर, त्यात एका बाजूला खांब. त्यामुळे हल्ली आपण शेजारच्या सीटवरून सरपटत, पाय आधी काढून बाहेर येता. दररोजचा तेवढाच व्यायाम.

आता माझ्या खात्यावर येतो. स्प्रिंगा. गॅरेजवाल्याने त्या बदलल्या नाहीत, कापल्या, हे मला वॉचमनकडून कळलं आणि त्या रात्री जेवण गेलं नाही. स्प्रिंगेचे वेढे कमी केले की ती आखूड होते तशीच कडकही होते. हे आमच्याकडे पहिल्या आठवड्यात ॲप्रेंटिसला शिकवत. बरं, कडक झाली तरी चाकाला वरखाली व्हायला जागा उरत नाही ती नाहीच, मग खड्डा आला की धक्का रबराच्या बम्प स्टॉपवर, तिथून अंगाच्या पत्र्यावर, तिथून आपल्या मणक्यावर. त्यात चाकं वरून आत कललेली. एवढा महागडा रुंद टायर आणि रस्त्याला टेकते फक्त त्याची आतली कड, चार बोटं. म्हशीला उंच टाचेच्या चपला.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि दहा सेंटिमीटर उंच असावा, ताशी पंचविसाने ओलांडता यावा. आपल्या गेटमधला गतिरोधक मात्र कमिटीने २०११ साली उरलेल्या सिमेंटात केलेला आहे आणि त्याला कोणतीही काँग्रेस विचारत नाही. आपली गाडी आली की वॉचमन दोन फळ्या घेऊन धावतो. आपण तिरके येता, थांबता, तो “येऊ द्या, येऊ द्या” करतो, मग कर्रर्र. मागे शाळेची व्हॅन, तिच्यामागे गॅसचा टेम्पो. जिची ख्याती वेगासाठी, तिला आमच्या गेटातून आत यायला चार मिनिटं लागतात, आणि त्याच वेळात पेपरवाला सायकलवरून तिन्ही विंगना पेपर टाकून निघून जातो. नाकाईंच्या जपानमध्येसुद्धा गाडीचं पोट जमिनीपासून नऊ सेंटिमीटर वर असावं लागतं, नाहीतर तपासणीत पास होत नाही. आपल्या गाडीखालून माझी काडेपेटी आडवी गेली, उभी अडकली.

मी सोवळा आहे असं समजू नका. १९८८ साली माझ्याकडे आरएक्स हंड्रेड होती. ९८ सीसी, वाऱ्यासारखी. एका रविवारी मित्राच्या सांगण्यावरून सायलेन्सरची पुंगळी काढली, आणि पुंगळी निघाली म्हणून मागून चार इंच सायलेन्सरही कापला. आवाज असा की गल्लीतली कुत्री आधी लपत, मग मी येत असे. टू-स्ट्रोकचा तो फुगीर पाइप हवेच्या लाटा परत फिरवून ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलतो, त्यावरच इंजिनाची ओढ असते, हे मला पुस्तकातून माहीत होतं. कात्रजच्या घाटात अनुभवातून कळलं. नवीन लग्न, मागे बायको, पहिला गिअर, प्रचंड गर्जना आणि वेग बैलगाडीचा. अर्ध्या घाटात ती उतरली आणि चालू लागली. वळणावर माझ्या आधी पोचली. अजून सांगते सगळ्यांना. म्हणून आपल्या गाडीचा आवाज रात्री साडेअकराला दुसऱ्या मजल्यावर येतो तेव्हा मला राग येत नाही, घाट आठवतो.

टोकाचे बदल करूच नयेत असंही माझं म्हणणं नाही. बव्हेरियातल्या फाफेनहाउझेन गावात रूफ नावाचं घराणं आहे. त्यांनी १९८७ साली ९११ घेऊन एक पिवळी गाडी केली, जिला पुढे ‘यलोबर्ड’ म्हणू लागले. ४६९ अश्वशक्ती. त्या वर्षी तिने ताशी ३३९ किलोमीटर गाठले आणि फेरारी-लॅम्बोर्गिनीवाल्यांना घाम फोडला. टर्बोचं रुंद अंग हाताशी असताना रूफने मुद्दाम अरुंद अंग निवडलं, हवेला कमी अडथळा म्हणून. छताच्या कडेच्या पावसाळी पन्हळीसुद्धा काढून टाकल्या. एवढी अचाट गाडी, पण पार्किंगमध्ये उभी असती तर आपण तिला ‘स्टॉक’ म्हणाला असतात. रस्त्यावरची स्पोर्ट्स कार म्हणजे स्प्रिंगवाला, टायरवाला, ब्रेकवाला, हवेवाला, सीटवाला अशा दहा भांडखोर सभासदांनी सही केलेला ठराव असतो. रूफने दहाही जणांना पुन्हा बोलावून सभा घेतली. आपण एकाचंच ऐकलंत, आणि तो फोटोवाला निघाला.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम, सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल, आणि त्याच वर्षी झालेली दुरुस्ती: बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड किंवा दोन्ही. दंड प्रत्येक बदलाला वेगळा, ही मेख लक्षात घ्यावी. मी वरवर अकरा मोजले. पंचावन्न हजार, म्हणजे त्या रिमांपुढे किरकोळच. गंमत अशी की आपण रविवारी जिथे फिरायला जाता ती टेकडी लोक ‘एआरएआय टेकडी’ म्हणून ओळखतात. देशभरातल्या गाड्या रस्त्यासाठी योग्य आहेत की नाही, हे तपासणारी, १९६६ साली स्थापन झालेली संस्था तिथे आहे. आपण तिच्या कुंपणावरून बूट घालून जाता. गाडी घेऊन जाऊ नका.

एकच गोष्ट उपरोध बाजूला ठेवून विचारतो. पुढची मडगार्ड बोल्टवर असतात, उद्या मन बदललं तर नवी आणता येतील. मागची मात्र गाडीच्या अंगाचाच भाग, वेल्डिंगने जोडलेली. ती खरंच कापलीत का? की वरून नुसती रिव्हेट मारलीत? कापली असतील तर त्यावर आता बोलायला नको. नसतील, तर कृपा करून तिथे थांबा.

आणि पंख, मडगार्ड, पुंगळी यांचं आपण काय वाटेल ते करा, पण त्या कापलेल्या स्प्रिंगा काढून मूळ मापाच्या नव्या बसवून घ्या. चार स्प्रिंगा, एक दिवसाचं काम. गॅरेजवाल्याने कापलेले तुकडे जपून ठेवले असतील तर ते मला द्यावेत. गॅलरीत जागा आहे, ग्रीस लावून ठेवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ए विंग, दुसरा मजला

ता. क. वॉचमन येत्या वीस तारखेपासून आठ दिवस गावी जात आहे. फळ्या पंपाच्या खोलीत, दाराच्या मागे आहेत.