कलोडनची स्वारी : सहकुटुंब रणभूमी पाहू इच्छिणारांस काही सूचना

ज्या गृहस्थास इतिहासाची आवड आहे परंतु लहान मुले नाहीत, त्याने रणभूमी कशी पाहावी याविषयी ग्रंथ विपुल आहेत. ज्यास लहान मुले आहेत परंतु इतिहासाची आवड नाही, त्याने सुट्टीचा दिवस समुद्रकाठी घालवावा, त्यास ग्रंथाचे प्रयोजन नाही. पण ज्याच्या पदरी दैवाने या दोन्ही गोष्टी एकदम घातल्या आहेत, त्या जीवासाठी कोणी चार ओळी लिहिल्याचे आमच्या आढळात नाही. ही उणीव दूर व्हावी एवढ्याच हेतूने, स्कॉटलंडच्या उत्तरेस इनव्हर्नेस शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर असलेल्या कलोडनच्या माळावर आम्ही सात वर्षांचे चिरंजीव, चार वर्षांची कन्या आणि त्यांच्या मातोश्री यांच्यासह जी स्वारी केली, तिचा अनुभव पुढील कलमांत रुजू करीत आहोत.

प्रथम प्रकरणाची हकीकत थोडक्यात. इंग्लंडच्या गादीवरून पदच्युत झालेल्या स्ट्युअर्ट घराण्याचा वंशज चार्ल्स एडवर्ड याने आजोबांचे राज्य परत मिळविण्यासाठी 1745 साली स्कॉटलंडात निशाण उभारले. त्याच्या पक्षाचे जेकबाइट लोक लंडनच्या रोखाने डर्बीपर्यंत गेले, तेथून परतले, आणि 16 एप्रिल 1746 रोजी, म्हणजे इकडे साताऱ्यास शाहू छत्रपती आणि पुण्यास नानासाहेब पेशवे असताना, या माळावर राजपुत्र कंबरलंड याच्या सरकारी फौजेशी त्यांची गाठ पडली. दोन्ही सेनानायक पंचवीस-पंचवीस वर्षांचे होते आणि दूरच्या नात्याने भाऊबंद होते. लढाई तासाभराच्या आतच आटोपली. जेकबाइटांकडील सुमारे दीड हजार माणसे पडली. सरकारकडील रणात पडलेल्यांचा आकडा पन्नासच्या आसपास सांगतात. ब्रिटनच्या भूमीवर दोन फौजा समोरासमोर उभ्या राहून झालेली ही शेवटची लढाई.

कलम पहिले : आदल्या रात्रीविषयी. रणभूमीचा खरा बोध व्हावा अशी इच्छा असल्यास आदल्या रात्री कोणासही झोप लागू देऊ नये. हा नियम आमच्या पदरचा नव्हे. 15 एप्रिल हा कंबरलंडचा वाढदिवस. त्याची फौज नेर्न गावाजवळ आनंदोत्सव करून स्वस्थ झोपली असेल, तिच्यावर छापा घालावा, अशी मसलत जेकबाइटांनी केली, आणि काळोखात, ओल्या रानातून, सुमारे एकोणीस किलोमीटरची वाट चालावयास घेतली. पहाट होऊ लागली तरी नेर्न येईना, पुढची तुकडी मागच्या तुकडीची वाट पाहात राहिली, आणि अखेर सारी फौज आल्या वाटेने परत फिरली. सकाळी तळावर पोचताच माणसे जागा मिळेल तेथे आडवी झाली, आणि डोळा लागतो न लागतो तोच शत्रू आल्याची वर्दी आली. आमच्या कन्येची चिंध्यांची बाहुली रात्री साडेदहा वाजता हरवली आणि पहाटे चार वाजता उशीच्या अभ्र्यात सापडली. सबब या कलमाची अंमलबजावणी आमच्याकडून तंतोतंत झाली, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.

कलम दुसरे : रसदेविषयी. लढाईपूर्वीच्या दिवशी जेकबाइट फौजेस माणशी एक बिस्कीट मिळाले होते. अन्न नव्हते असे नाही; ते इनव्हर्नेसमध्ये होते, आणि फौज माळावर होती. दाणागोट्याचा बंदोबस्त ज्यांच्याकडे होता त्यांनी तो वेळेवर न केल्याने भुकेली माणसे अन्नाच्या शोधात पांगली आणि ऐन वेळी रांगेत हजर राहिली नाहीत. हे आम्ही मुलांना मोटारीत रसाळ वाणीने समजावून देत असतानाच मातोश्रींनी पिशवी उघडली, आणि दशम्यांचा व तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा इनव्हर्नेसच्या खोलीत, खिडकीच्या कट्ट्यावर, विसरून राहिला असल्याचे निष्पन्न झाले. पिशवीत बिस्किटांचा एक फुटका पुडा होता. मोजणी केली असता माणशी एक बिस्कीट भरले. चिरंजिवांनी आपले बिस्कीट हातात धरून, ज्या गांभीर्याने त्याकडे पाहिले, त्या गांभीर्याने त्यांनी आमच्या व्याख्यानाकडे कधीही पाहिले नव्हते. “एवढंच?” त्यांनी विचारले. “आणि मग लढायचं?” शिक्षणशास्त्रावरील कोणत्याही ग्रंथात याहून यशस्वी पाठ आमच्या वाचनात नाही, तथापि तो मुद्दाम देण्याचे धाडस पालकांनी करू नये.

कलम तिसरे : जागेच्या निवडीविषयी. ही जागा लढाईस अयोग्य आहे, असे लॉर्ड जॉर्ज मरे हा अनुभवी सरदार सांगत होता. जेकबाइटांतील डोंगरी (हायलँडर) लोकांची सारी भिस्त तलवार उपसून धावत जाऊन आदळण्यावर. त्यांना उतार हवा, पायाखाली घट्ट जमीन हवी. येथे मिळाला तो सपाट, पाणथळ माळ, ज्यावर तोफांना सारे मोकळे आणि धावणाऱ्याचे पाय चिखलात. परंतु चार्ल्स एडवर्डचा विश्वास ओसलिव्हन नावाच्या आयरिश कारभाऱ्यावर होता, आणि जागा त्याच्या पसंतीची ठरली. आमच्या मसलतीतही असेच घडले. मुलांना वाळू असलेल्या ठिकाणी न्यावे, नेर्नचा समुद्रकिनारा येथून जवळ आहे, असे मातोश्रींचे स्पष्ट मत पडले होते; आम्ही ते इतिहासाच्या नावाने फेटाळले. परिणामी दुपारी एक वाजता, म्हणजे ज्या सुमारास त्या दिवशी तोफा सुरू झाल्या नेमक्या त्याच सुमारास, समोरून पाऊस आणि बोचरा वारा तोंडावर घेत आम्ही जेकबाइटांच्या रांगेवर उभे होतो. त्या दिवशीही गारपाऊस त्यांच्याच तोंडावर येत होता. कन्येच्या बुटात पाणी शिरले आणि तिने जो आक्रोश केला, त्याने, माळावरील झुडपे वाढू नयेत म्हणून तेथे चरावयास ठेवलेल्या गुरांनीदेखील माना वर केल्या. उन्हाळ्यात गेल्यास पाऊस कदाचित टळेल, परंतु मग चिलटांच्या फौजेशी गाठ पडते, आणि तिच्याशी तह होत नाही.

कलम चौथे : निशाणांविषयी. माळावर दोन्ही फौजांच्या रांगा निशाणांनी दाखविल्या आहेत; सरकारची तांबडी, जेकबाइटांची निळी. ही सोय मोठ्या माणसांना उपकारक असली तरी मुलांच्या हाती ती एका भयंकर प्रश्नाचे शस्त्र देते, आणि त्या प्रश्नाची तयारी पालकाने घरूनच करून यावी. “बाबा, आपण कोणत्या बाजूचे?” तांबड्यांचे म्हणावे, तर ज्या राज्याचे ते सैनिक, त्याने पुढे आपल्याकडे काय केले हे मुलांना आजोबांनी सांगितलेले असते. निळ्यांचे म्हणावे, तर हकीकत तेथे संपत नाही. या पराभवानंतर सरकारने डोंगरी लोकांची शस्त्रे काढून घेतली, सरदारांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द केले, आणि 1 ऑगस्ट 1747 पासून त्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोषाखासही बंदी केली, ती 1782 पर्यंत टिकली. सवलत एवढीच, की सरकारच्या पलटणीत नाव नोंदविणाराने तो पोषाख खुशाल घालावा. दोन पिढ्यांनी, 1803 साली, जालन्याकडील असईच्या रणांगणावर शिंदे-भोसल्यांच्या तोफांवर जे चालून आले, त्यांत 74 व 78 या क्रमांकांच्या दोन हायलँडर पलटणी होत्या. या माळावर जे तोफांच्या तोंडी गेले, त्यांचे नातू आमच्या तोफांच्या तोंडी आले, आणि तेथे मात्र जिंकले. ज्याने मराठ्यांची बखर इंग्रजीत लिहिली तो ग्रँट डफदेखील याच उत्तर स्कॉटलंडातील बँफ गावचा. शिवाय इंग्रज एका बाजूस आणि स्कॉट दुसऱ्या, असाही सरळ हिशेब नाही: तांबड्या रांगेत स्कॉट होते, निळ्या रांगेत आयरिश व फ्रेंच चाकरीतले लोक होते, आणि काही घरांतले भाऊ समोरासमोर उभे होते.

हा सर्व मजकूर आम्ही चिरंजिवांस निवेदन केला. त्यांनी तो पूर्ण ऐकून घेतला आणि इनव्हर्नेसच्या दुकानातून हट्टाने घेतलेला, आपल्या कमरेचा पट्ट्यापट्ट्यांचा घागरा सावरीत पुन्हा विचारले, “हो, पण आपण कोणत्या बाजूचे?” या कलमाखाली उत्तर देण्याची तजवीज अद्याप झालेली नाही.

कलम पाचवे : थडग्यांविषयी. माळाच्या मध्यभागी गवताने झाकलेले लांबट उंचवटे आहेत, आणि त्यांच्या उशाशी मॅकिंटॉश, फ्रेझर, कॅमेरॉन अशी कुळांची नावे कोरलेले दगड. जवळच 1881 साली रचलेला दगडी स्तूप, तीन माणसे एकावर एक उभी राहतील एवढा उंच. मुलांच्या दृष्टीने उंचवटा चढण्यासाठी असतो. त्यांना आवरण्यास दरडावणी उपयोगी पडत नाही, शांतपणे सांगणे पडते, आणि शांतपणे सांगावयास लागले की आपलाच आवाज बदलतो, ही सूचना अनुभवान्ती देत आहोत. “इथे माणसं झोपली आहेत” असे मातोश्री म्हणाल्या. “रात्रभर चालली होती म्हणून?” कन्येने विचारले, आणि मग स्वतःच, कोणी न सांगता, बाहुली दुसऱ्या खांद्यावर घेऊन पाऊल न वाजविता बाजूने गेली.

माळालगतच्या संग्रहालयात चारही भिंतींवर लढाईचा चित्रपट दाखविणारी एक खोली आहे. प्रेक्षक दोन्ही फौजांच्या मधोमध उभा राहतो. लहान मुलांना तेथे नेऊ नये. मोठ्यांनीही जेवून जावे. त्याऐवजी इमारतीच्या बाहेरील भिंतीपाशी थांबावे. त्या भिंतीतून मेलेल्या सैनिकांच्या संख्येप्रमाणे दगड पुढे आलेले आहेत. चिरंजिवांना शंभरपर्यंत मोजता येते. सरकारी बाजूचे दगड त्यांनी मोठ्या उत्साहाने मोजून पुरे केले. मग जेकबाइटांचे सुरू केले. शंभर झाले, पुन्हा एकपासून शंभर झाले, आणखी एकदा झाले, आणि भिंत पुढे होतीच. तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. “पुढचं मला येत नाही,” ते म्हणाले. दीड हजार हा आकडा आम्ही आजवर अनेक पुस्तकांत वाचला होता, पण तो कोणालाच येत नाही हे आम्हांस त्या दिवशी कळले.

कलम सहावे : माघारीविषयी. माघार केव्हा घ्यावी याचा निर्णय सेनापतीने घ्यावा असे शास्त्र आहे. व्यवहारात तो सर्वांत लहान शिपाई घेतो. चार्ल्स एडवर्ड येथून निघाला तो पाच महिने रानावनांत व बेटांवर लपत राहिला, एकदा तर फ्लोरा मॅकडोनल्ड या बाईची दासी बनून, स्त्रीवेषाने, स्काय बेटावर गेला, आणि सप्टेंबरात फ्रेंच गलबतावर चढला. आमची माघार त्या मानाने सुखरूप पार पडली. मोटारीत बसताच मातोश्रींनी हुकूम फर्मावला, आणि यावेळी कोणी आयरिश कारभारी मध्ये पडला नाही.

अर्ध्या तासात आम्ही नेर्नला पोचलो. पाऊस थांबला होता. किनाऱ्याजवळ तळलेले मासे व बटाटे विकणारे एक दुकान उघडे होते. तेथून चार कागदी पुड्या घेऊन आम्ही वाळूत बसलो, आणि कोणीही कोणाशी बराच वेळ बोलले नाही. मग चिरंजिवांनी विचारले, “बाबा, ते लोक रात्री चालत इथेच येत होते ना?” आम्ही होकार दिला. त्यांनी समुद्राकडे, मग आपल्या पुडीकडे पाहिले, आणि उरलेले बटाटे मोजले. “मग थोडंच राहिलं होतं,” ते म्हणाले.

तेव्हा वाचकांस अखेरची सूचना एवढीच, की स्वारीचा क्रम आधी नेर्न आणि मग कलोडन असा ठेवावा.