काळी, कडक आणि पौर्णिमा

माणूस साठीकडे झुकला की त्याच्या वाट्याला सगळं सौम्यच येऊ लागतं. हॉटेलात वेटर आपणहून 'तिखट कमी सांगू ना?' म्हणतो, न्हावी मान हलक्या हातानं वळवतो आणि मुलं घरातल्या बातम्याही निवडून-पाखडून सांगतात. हे सगळं मी निमूट सोसत होतो. पण मुंढव्यातल्या एका ब्रुअरीत भाच्यानं मला न विचारताच वेटरला सांगितलं, 'मामांना व्हीट द्या, लाइट असते,' तेव्हा माझं टाळकं सटकलं.

माझ्यापुढे आला गढूळ पिवळा ग्लास, काठावर संत्र्याची चकती लावलेला. हळदीकुंकवाला चालेल इतका सालस. भाच्यापुढे मात्र काळंकुट्ट काहीतरी, त्यावर कॉफीच्या रंगाचा दाट फेस. तो ग्लासात नाक खुपसून डोळे मिटून बसला होता. मुलगी बघायला गेला होता तेव्हाही इतका गंभीर नव्हता.

'हे काय?'

'स्टाउट. तुम्हाला नाही झेपायची मामा.'

या एका वाक्यापायी मी पुढे समुद्र ओलांडला. मारुतीनं ओलांडला तेव्हा निदान कारण तरी बरं होतं.

पुण्यात हे खूळ तसं जुनं आहे. डूलाली नावाच्या कंपनीनं २००९ साली इथं आपली ब्रुअरी काढली. त्यानंतर जी माणसं अमृततुल्यमध्ये उभ्यानं कटिंग मारायची, त्यांची पोरं हॉप्स, माल्ट आणि यीस्ट असं बोलू लागली. भाचा आयटीत असल्यामुळे त्याला कुठल्याही विषयाचं ज्ञान एका वीकएंडमध्ये होतं. माझं बिअरचं ज्ञान मात्र परमिट रूमपाशी थांबलं होतं. तिथं दोनच जाती, माइल्ड आणि स्ट्राँग. तिसरी म्हणजे 'थंड नाहीये साहेब'.

दुसऱ्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या वाइन शॉपमध्ये गेलो आणि शेजारच्या सोसायटीतलं कोणी नाही हे बघून हळूच म्हणालो, 'काळी द्या. कडक.' दुकानदारानं कागदात गुंडाळून एक बाटली दिली. रंगानं काळपट, वर ठळक 'स्ट्राँग'. घरी येऊन ग्लासात ओतली तर आतून पिवळीधमक. काळी होती ती काच. परत जाऊन तक्रार करायची म्हणजे 'मी काल बिअर नेली' हे चारचौघांत मोठ्यानं सांगणं आलं. मी ती बाटली संपवूनच निषेध नोंदवला.

मग मी अभ्यासाला बसलो. अभ्यास ही आमच्या पिढीची खोड. दारूसुद्धा आम्ही आधी वाचून घेतो. त्यात पहिलाच धक्का असा बसला की बिअरच्या रंगाचा आणि जोराचा काडीचा संबंध नाही. १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजानं माल्ट भाजायच्या फिरत्या पिंपाचं पेटंट घेतलं. त्यात जव कोळशासारखे काळे होईतो, पण राख न होता, भाजता येऊ लागले. असा मूठभर काळा माल्ट टाकला की अख्खा घाणा काळा होतो. नशेत त्यानं तसूभर भर पडत नाही. जगभर पुरुषार्थाचं प्रतीक म्हणून मिरवणारी आयरिश गिनेस नळावरची घेतली तर फक्त ४.२ टक्के. उलट बेल्जियमची डुव्हेल दिसायला सोनेरी, बाळबोध, आणि आत ८.५ टक्के. म्हणजे खरा गुंड तो गोरागोमटा आणि काळा तो नुसताच मिशाळ.

धीर करून पुन्हा त्या ब्रुअरीत गेलो आणि फळ्यावरचे आकडे चष्मा पुसून वाचले. स्टाउट पाच टक्के. व्हीट पाच टक्के. भाच्यानं मामाला मामा बनवलं होतं.

पण काळीही असावी आणि कडकही असावी, ही माझी मागणी अगदीच वेडगळ नव्हती. अठराव्या शतकात लंडनच्या थ्रेल यांच्या ब्रुअरीतून रशियाच्या कॅथरीन राणीच्या दरबारी जहाल काळी बिअर जात असे. तिचा वंश आज इम्पीरियल स्टाउट म्हणून ओळखला जातो आणि तो नऊ-दहा टक्क्यांच्या खाली सहसा उतरत नाही. आपल्याकडे मात्र नियमानं स्ट्राँग बिअरची हद्द आठ टक्क्यांवर संपते. त्यापुढची काळी गाठायची तर राणीला तरी गाठायला हवं, नाहीतर देश तरी सोडायला हवा.

याच सुमारास बायकोनं श्रीलंकेची टूर बुक केली. 'रामायण दर्शन', सोबत मराठी जेवण, संध्याकाळी करमणुकीचे कार्यक्रम. मी नाखुशीनंच हो म्हणत होतो, एवढ्यात वाचनात आलं की लंकेत लायन स्टाउट नावाची काळी बिअर मिळते आणि ती ८.८ टक्के असते. मायकल जॅक्सननं तिची तारीफ केली होती. नाचणारा नव्हे. हा मायकल जॅक्सन इंग्रज पत्रकार, दाढीवाला, पोटाचा घेर राखून असलेला. १९७७ साली त्यानं जगभरच्या बिअरींवर पुस्तक लिहिलं आणि नंतर उभा जन्म बिअर पिण्याच्या नोकरीत काढला. आमच्या वेळी करिअर मार्गदर्शन शिबिरात हे कोणी सांगितलं नाही.

शिवाय या बिअरचा जन्म नुवारा एलियाचा. समुद्रसपाटीपासून सहा हजार फुटांवर, चहाच्या मळ्यांत वसलेलं गाव. सॅम्युअल बेकर नावाच्या खटपट्या इंग्रजानं १८४९ च्या सुमारास तिथं बिअर करायला घेतली. पुढे तो नाईल नदीचा उगम शोधायला आफ्रिकेत गेला. थंड हवेच्या गावात बिअरचा धंदा काढलेला माणूस तो सोडून नाईलच्या मागं का लागला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आता कारखाना कोलंबोजवळ बियागमाला आहे. पण मी ठरवलं, प्यायची तर जन्मगावीच. भाच्याला कळवलं. त्याचं उत्तर आलं, 'मामा, ती क्राफ्ट वगैरे काही नाही हं. मोठ्या कंपनीची आहे. आणि प्यायलातच तर बर्फगार नको. बारा डिग्री.'

या जन्मगावच्या हट्टापायी मी कोलंबोतली उघडी दुकानं तोऱ्यात मागं टाकली. कँडीत दंतमंदिराचं दर्शन झाल्यावर समोरच्या गल्लीत लोखंडी जाळीआड ती काळी डबडी रांगेनं मांडलेली दिसली. मी त्यांच्याकडे बघून नुसता हसलो. पंढरपूर दोन दिवसांवर असताना वाटेतल्या विठोबाच्या देवळात कोण रेंगाळतं?

नुवारा एलियाला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. धुकं, लाल कौलारू बंगले, गुलाबी विटांचं पोस्ट ऑफिस. सामान खोलीत टाकून मी माकडटोपी चढवली आणि बार गाठला. बारवर पांढरी चादर पांघरलेली. बाहेर आलो, दुकान शोधलं. शटर खाली. दुसरं शोधलं. शटर खाली. परत येऊन हॉटेलच्या मॅनेजरला विचारलं. त्यानं सांत्वनाला आल्यासारखे हात जोडले. 'टुडे पोया, सर.'

श्रीलंकेत दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि देशभर दारूविक्री बंद असते. आपल्याकडे आषाढी एकादशी, दोन ऑक्टोबर असे कोरडे दिवस वर्षातून मोजकेच. तिकडे महिन्याला एक ठरलेला. त्यातून ही डिसेंबरची पौर्णिमा तर खास, कारण अशोकाची मुलगी संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत उतरली ती या दिवशी, असं मानतात. मी हे सगळं धापा टाकत बायकोला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, 'अहो, आज दत्तजयंती. कालनिर्णयात आहे की. माझा सकाळपासून उपास नाही का?'

संध्याकाळी हॉटेलच्या लाउंजमध्ये दत्तजन्म झाला. टूर लीडरनं टॉवेलचा पाळणा केला, बायकांनी पाळणा म्हटला. मी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी माझ्या घशाखाली उतरलेली सगळ्यात जहाल वस्तू म्हणजे सुंठवडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीता एलियाला गेलो. ओढ्याकाठी सीतेचं देऊळ आहे, हीच अशोकवाटिका असं सांगतात. खडकातले खळगे दाखवून गाइड म्हणाला, ही हनुमानाची पावलं. सगळ्यांनी नमस्कार केला. मीही केला, आणि जरा सहव्यवसायी असल्यासारखा केला. तोही इथं कोणाला तरी शोधायलाच आला होता. फक्त त्याला मंडळींबरोबर चहाची फॅक्टरी बघायला जावं लागलं नव्हतं.

अखेर सूर्यास्ताच्या आत मी दुकान गाठलं. जाळीतून नोटा आत सरकवणारे हात, धक्काबुक्की, 'पहिला मी' असं बहुधा सिंहलीत. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. पाचशे मिलिलिटरचा एक कॅन मिळाला. मी तिथंच हिशेब केला. ८.८ टक्क्यांनी शुद्ध अल्कोहोल झालं ४४ मिलिलिटर, म्हणजे व्हिस्कीचे पावणेदोन लार्ज एका डबड्यात. माझी छाती फुगली.

कॅन मात्र फ्रिजमधला होता, हात चिकटेल इतका गार. त्यात गावची थंडी. बारा डिग्री आणायचे कसे? गरम पाण्याच्या नळाला धार नव्हती. शेवटी मी कॅन रुमालात गुंडाळून स्वेटरच्या आत काखेत धरला आणि पलंगावर बसून राहिलो. काखेत कळसा म्हणतात तो असा प्रत्यक्ष आला होता. इतक्यात दार वाजलं. 'चला काका, हाउजी! सगळे थांबलेत तुमच्यासाठी!'

डावा हात अंगाशी आवळून मी लाउंजमध्ये जाऊन बसलो. शेजारच्या आजींनी विचारलं, 'खांदा आखडला का हो?' मी म्हटलं, हो, थंडीनं. त्यांनी सहानुभूतीनं पर्समधून बामची डबी काढली आणि माझी डावी बाही वर करायला घेतली. मी हात वाचवायला गेलो आणि कॅन सुटला. फरशीवर टणकन आपटून गरगरत थेट सांगलीच्या एका निवृत्त हेडमास्तरांच्या पायाशी जाऊन थांबला. त्यांनी तो उचलला, चष्मा कपाळावर सरकवला आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, 'आठ पॉइंट आठ!'

'अठ्ठ्याऐंशी!' टूर लीडर सवयीनं ओरडला.

'फुल हाउस!' माझी बायको किंचाळली.

पुढची पंधरा मिनिटं हा आकडा पिशवीतून निघाला होता की डब्यावरून, यावर कडाक्याचं भांडण झालं. कोल्हापूरच्या वहिनींनाही एकच आकडा बाकी होता, त्यामुळे त्या हटेनात. पुरावा म्हणून कॅन हातोहात फिरला. फिरता फिरता आजींकडे आला. 'हे असतं तरी काय?' त्यांनी विचारलं. महाराष्ट्र सरकारच्या परवान्यात लिहिलेलं असतं की धारकाला मद्य प्रकृती राखण्यासाठी लागतं. मी सरकारी भाषेचा आधार घेतला. 'माल्ट आहे आजी. प्रकृतीला चांगलं.'

'दारू आहे म्हणा की,' आजी म्हणाल्या. 'आमचे हे मिलिटरीत होते. आणा कप.'

खोल्यांतले चहाचे कप आले. हेडमास्तरांनी कॅन उघडला. फस्स झालं, त्यासरशी भांडण थांबलं. काखेतल्या तपश्चर्येमुळे बिअर ऐन बेताची झाली होती. कपात ती काजळासारखी काळी दिसली, दिव्यासमोर धरली की कडेनं किंचित तांबडी. आजींनी एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली आणि म्हणाल्या, 'काकवी. मागून कॉफी. शेवटी जरा चॉकलेट, पण कडू.' भाच्याला एवढं सांगायला अर्धा तास आणि डोळे मिटून घ्यावे लागले असते. बाकीच्यांनी तीर्थासारखी तळहातावर घेतली. दोघींनी नंतर हात केसांवरूनही फिरवले. माझ्यापर्यंत कप आला तेव्हा तळाशी फेस होता. चांगला होता. चिकट, खमंग, आणि त्यात बामाचा वास.

मला नाही म्हटलं तरी हुंदका आला. तो सगळ्यांनी चढल्याचा समजला आणि बायकोला, 'वहिनी, यांना सांभाळा, यांना झेपलेली दिसत नाही,' असं सांगून मला लवकर झोपायला पाठवलं.

सकाळी बस घाट उतरू लागली तशी आजींनी टूर लीडरला बोलावून घेतलं. आल्या दिवसापासून 'वेळापत्रकात बसत नाही काका' असं मला ऐकवणाऱ्या त्या पोरानं पुढच्या गावात, थेट दुकानासमोर, वीस मिनिटांचा थांबा जाहीर केला. मी आत बसूनच राहणार होतो. पण श्रीलंकेत १९७९ पासून बायकांना दारू विकायला बंदी आहे. २०१८ मध्ये अर्थमंत्र्यांनी ती उठवली आणि थोड्याच दिवसांत राष्ट्रपतींनी पुन्हा घालायला लावली. टूर लीडर कायद्याला फार भिणारा. त्यानं माइकवरून सांगितलं, 'बायकांनी उतरायचं नाही. पैसे आणि यादी काकांकडे द्या. काकांना त्यातलं कळतं.'

मी जाळीपुढे रांगेत उभा राहिलो आणि यादी उघडली. आजी, चार. हेडमास्तर, दोन. कोल्हापूर, सहा, आणि पुढे कंसात, 'थंड नको.' सगळ्यात खाली बायकोच्या अक्षरात, 'दोन. सोबत काजू मिळाले तर बघा, खारे.'