आवाज येत नाही

तोक्योतल्या निशी-कासाईत आमचं घर दोन खोल्यांचं आहे आणि त्यात सात इलेक्ट्रिक गिटारी आहेत. अॅम्प्लिफायर एकही नाही. भाडेकरारात 'घरात वाद्य वाजवू नये' असं कलम आहे, ते मी सही केल्यावर वाचलं. त्यामुळे विजेवर चालणारी ही सातही वाद्यं आमच्याकडे बिनविजेची नांदतात. छेडली तर काडेपेटीत अडकलेल्या माशीइतका आवाज येतो. मला येणाऱ्या तीन कॉर्डना तेवढा पुरतो.

हौसेला मोल नसतं असं आपल्याकडे म्हणतात. जपानी गिटारवाल्यांनी मात्र मोल थेट हौसेच्या नावातच घातलं होतं. सत्तरच्या दशकात ग्रेकोच्या 'ईजी-५००'ची किंमत होती ५०,००० येन. टोकाईच्या 'एलएस-८०'ची ८०,०००. नाव कळलं की शून्यं जोडायची, भाव कळला. बारशालाच पोराचा पगार सांगून टाकावा, तसा प्रकार. घासाघिशीवर वाढलेल्या माणसाचे हातच बांधून टाकायचे की हो!

बरं, या गिटारी म्हणजे अमेरिकन गिटारींच्या उघड उघड नकला. टोकाईवाल्यांनी तर आपलं नाव अशा वळणाने लिहिलं की चार हात लांबून गिब्सन वाटावं. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून दावा ठोकला. तो कोर्टाबाहेर मिटला. पण पुढे फेंडर या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने वेगळीच शक्कल लढवली. १९८२ मध्ये जपानी भागीदारांबरोबर फेंडर जपान काढलं आणि मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात आपल्याच गिटारी करून घ्यायला सुरुवात केली. कॉपी करताना सापडलेल्या पोरालाच मास्तरांनी आदर्श उत्तरपत्रिका लिहायला बसवावं, तसं.

मात्सुमोतो हे नागानो प्रांतातलं डोंगरातलं गाव. तिथली मात्सुमोकु कंपनी आधी सिंगरच्या शिलाई मशिनांची लाकडी कपाटं करायची, तीच पुढे गिटारी करू लागली. मी मूळचा मिरजेचा, त्यामुळे मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडे हत्यारं घडवणारे शिकलगार सतार-तंबोऱ्यांकडे वळले, यांच्याकडे शिलाई मशीनवाले सुतार गिटारीकडे वळले. पण १९८५च्या प्लाझा करारानंतर येन वधारला, परदेशी गिऱ्हाइकाला जपानी माल महाग पडू लागला, कामं कोरियाकडे सरकली आणि १९८७ मध्ये मात्सुमोकुला कुलूप लागलं. त्यांच्या हातची आरिया प्रो टू माझ्याकडे आहे. हिच्याकडे बघताना मला हमखास आईच्या शिलाई मशीनचा खण आठवतो.

तर, त्या काळी दाढीमिशा फुटताना ज्यांनी या गिटारी घेतल्या, ते आता साठीला आलेत. घर आवरताना त्यांच्या कपाटातून गिटार निघते आणि सेकंडहँड दुकानाच्या 'जंक' कोपऱ्यात येऊन उभी राहते. जंक म्हणजे जशी आहे तशी घ्या, परत आणू नका. आणि दोष काय तो चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेला असतो. मान वाकली आहे. एक खुंटी नाही. विक्रेता स्वतःहून मालाची बदनामी करतो हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला भरून आलं होतं.

सातवी गिटार तिथलीच. डोक्यावरचं नाव पार पुसलेलं, भाव ११,००० येन, म्हणजे साधारण सहा हजार रुपये. चिठ्ठीवर लिहिलं होतं : 'आवाज येत नाही.' मी क्षणभर विचार केला. आमच्या घरी कुठल्या गिटारीचा येतो? घेऊन आलो.

त्याच आठवड्यात आई मिरजेहून आली. तिने भिंतीशी ओळीने उभ्या केलेल्या गिटारी बोटाने मोजल्या.

"सगळ्या एकसारख्याच की रे?"

"नाही गं, हिची मान जाड आहे, हिची बारीक आहे."

"घोरपड्यांच्या सुना सांगितल्यासारखं सांगतोयस." एवढं बोलून तिने सातवीच्या पट्टीवर अंगठा घासला, चष्मा वर केला आणि म्हणाली, "शिसवी आहे. आपल्या देव्हाऱ्याची होती तसली." मी इंटरनेटवर तीन रात्री जागून हेच शोधलं होतं.

"वाजव बघू."

मी जी कॉर्ड वाजवला. तिने कानातलं यंत्र काढलं, पदराने पुसलं, पुन्हा लावलं.

"हं, आता वाजव."

मी पुन्हा वाजवला. तिने यंत्रातली बॅटरी बदलली. आपण इलेक्ट्रिक गिटार बिनविजेची वाजवतो, हे आईला समजावून सांगण्यापेक्षा नवी बॅटरी आणून देणं मला सोपं वाटलं.

ती परत गेल्यावर मात्र मनाला लागलं. सातवी उघडली. आत चाळीस वर्षांची धूळ, आणि जॅकची एक तार डाग सुटून लोंबत होती. बाकी सगळं धड. दोन मिनिटांत डाग लावला. आता तपासायचं तर अॅम्प हवा, म्हणून तासाच्या भाड्याने मिळणारी सरावाची खोली घेतली. तिथला अॅम्प माझ्या कमरेएवढा. वायर लावली, बटण फिरवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा माझा जी मला ऐकू आला.

इतकी वर्षं माशीने माझी इभ्रत राखली होती. तिसरी तार बेसूर, बोट चुकलेलं, आणि हे सगळं आता भिंतींना धडकून दुप्पट होऊन परत येत होतं. तासाचे पैसे भरले होते, वीस मिनिटांत बाहेर पडलो. काउंटरवरच्या पोराने अदबीने वाकून, अगदी जपानी हळुवारपणे विचारलं, "मशीनमध्ये काही बिघाड होता का?"

मी हो म्हणालो.

आता आठवी बघतोय. पण चिठ्ठी नीट वाचून घेणार. आवाज येत असेल तर घेणार नाही.