बनी तो बनी, नहीं तो भंगार

(फुकट मिळणारी, इंजिन बिघडलेली व्हॅन स्वीकारण्याबाबत परभणी जिल्ह्यातील सोयऱ्याधायऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना)

परभणी जिल्ह्यात तीन गोष्टी फुकट मिळतात : ऊन, सल्ला आणि बंद पडलेली ओम्नी. पहिल्या दोन नाकारता येत नाहीत. तिसरी नाकारता येते, हे फार थोड्यांना ठाऊक असल्यामुळे पुढील सूचना जनहितार्थ देण्यात येत आहेत.

१. आधी देणारा तपासा

सेलूचे दाजी फोन करतात, "अहो, ती व्हॅन नुसती पडून हाय. घेऊन जा. कायी नाही झालं तिला, बॅटरी टाकली की चालू." या निवेदनाचा अर्थ असा लावावा. 'नुसती पडून' म्हणजे तिच्यावरून किमान दोन पावसाळे गेले. 'कायी नाही झालं' म्हणजे गावातल्या मिस्त्रीनं हात टेकले. 'बॅटरी टाकली की' म्हणजे बॅटरी दाजींच्या ट्रॅक्टरवर आहे.

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत, असं वाडवडील सांगून गेले. पण त्यांच्या गायीला फ्लायव्हील नव्हतं. सेल्फ मारल्यावर नुसती घरघर होऊन इंजिन जागचं हललं नाही, तर रिंगचे दात जरूर मोजावेत.

दाजींना एकच प्रश्न विचारावा : बंद पडली तेव्हा वाफ निघाली, आवाज आला, की गपचूप थांबली? वाफ असेल तर दुखणं हेडचं. खडखडाट असेल तर खालचं, म्हणजे बेअरिंग आणि क्रँकचं, आणि ते महागाचं. गपचूप थांबली असेल तर पेट्रोल किंवा करंट पोचत नसण्याची शक्यता जास्त, म्हणजे आशेला जागा आहे.

२. मग कागद तपासा

नवशिके थेट बॉनेट उघडायला जातात. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे त्यांची पहिली फजिती इथंच होते. जाणकार माणूस आरसी मागतो.

आरसीवर दाजींचं नाव असेल असं गृहीत धरू नये. बहुधा तिथं ज्याच्याकडून दाजींनी गाडी घेतली त्याचं, किंवा त्याच्याही आधीच्याचं नाव असतं. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही करणारा माणूस हयात आहे का, गावात आहे का आणि दाजींशी बोलतो का, या तिन्ही गोष्टींची खात्री करावी.

मग वय बघावं. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, १९८८ मध्ये ओम्नी झाली आणि २०१९ मध्ये बंद झाली. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्याचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये झालं आणि २० वर्षांपुढच्या मोटारींना ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. उशीर झाला असेल तर दरमहा ५०० रुपये वेगळे, म्हणजे लिंबाखाली उभी असलेली गाडी झोपेतही कर्ज काढत असते. शिवाय राज्याचा पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीची असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट. गॅसचं किट बसवलेलं असेल तर त्याचीही नोंद आरसीवर लागते. दाजी म्हणतील, "एमएच २२ ला कोण इचारतंय?" विचारतात.

३. तळाखाली जा

पेचकस घेऊन गाडीखाली आडवं व्हावं. पाट्यांच्या हँगरजवळ, दाराच्या पट्टीत आणि पायाखालच्या पत्र्यात टोचून बघावं. पेचकस आत गेला तर इंजिनाची चौकशी तिथंच थांबवावी. इंजिन बदलून मिळतं, भंगार बाजारात जुनंही मिळतं. गंजलेली चासी बदलून मिळत नाही. गाडी उसाच्या नाहीतर सोयाबीनच्या हंगामात गोठ्याशेजारी उभी असेल, तर उंदरांनी वायरिंग किती शिल्लक ठेवलंय तेही पाहावं.

४. आता इंजिन

सीट उचलावी. आत ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं साधंसुधं इंजिन दिसेल. दिसलंच नाही, तर सूचना १ पुन्हा वाचावी.

ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल काळं असेल तर ते म्हातारपण. दुधाळ चहासारखं असेल तर 'ऑइल-पाणी एक झालंय'. याचं मूळ बहुतेक वेळा आपल्याच पाण्यात असतं. परभणीचा मे महिना, त्यात कुलंटऐवजी बोअरचं जड पाणी. क्षार साचून रेडिएटरच्या नळ्या बुजतात, पाणी फिरत नाही, इंजिन तापतं, अॅल्युमिनियमचं हेड वाकतं आणि गॅस्केट उडतं. हेडला फेस मारून नवं गॅस्केट टाकता येतं. मात्र रेडिएटर तोच ठेवला तर पुढच्या मे महिन्यात मिस्त्रीची पुन्हा भेट होईल.

चालू होत असेल तर धूर बघा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, गाडी कार्बोरेटरवाली असेल तर तो साफ करा. निळा म्हणजे गाडी ऑइल खातेय. दाट पांढरा आणि थांबतच नाही, म्हणजे पाणी जळतंय. नंतर मिस्त्रीकडून तिन्ही सिलिंडरचा दाब मोजून घ्या. एकाचा कमी आला तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंगा गेल्या. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. हे सगळं इंजिन न खोलता कळतं, हे महत्त्वाचं.

५. 'खोलके देखना पडता'

हे वाक्य जिंतूर रोडपासून गंगाखेड रोडपर्यंत कुठल्याही गॅरेजात ऐकू येतं आणि ते खोटं नसतं. पण खोललेलं इंजिन घेऊन कोणी माघारी येत नाही. गाळ्यावर पसरलेले पिस्टन बघितले की माणूस म्हणतो, इतकं केलंच आहे तर बोअर पण करून टाका, क्लचप्लेट पण टाका. चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला इथंच लागतो.

म्हणून खोलण्यापूर्वी एक आकडा कागदावर लिहून घरात दाखवावा. तो असा काढावा : तशाच वयाची, चालू, कागद पूर्ण असलेली ओम्नी आज परभणीत जितक्याला मिळते, त्याच्या निम्मे. कागद, टोचन, टायर, बॅटरी आणि इंजिनकाम हे सगळं या निम्म्यात बसलं पाहिजे. उरलेलं निम्मं मिस्त्रीला नंतर सापडणाऱ्या गोष्टींसाठी असतं. त्या सापडतातच.

६. निकाल

कागद जिवंत, तळ घट्ट आणि खर्च आकड्यात : गाडी घ्यावी. तीनपैकी एक नसेल तर दाजींना रीतसर स्क्रॅप केंद्राचा रस्ता दाखवावा. तिथं लोखंडाचे पैसे आणि जमा प्रमाणपत्र मिळतं आणि आरसी रद्द होते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण माणसांसाठी ठीक आहे, इंजिनासाठी नाही.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. गाडी चालू झालीच, तर आरसीवर तुमचं नाव चढेपर्यंत ही बातमी सेलूला कळू देऊ नका. लग्नसराई जवळ आली की दाजींना गाडी 'दोन दिवसांसाठी' लागते.