परवानगीशिवाय मजले चढवणाऱ्या शेठना खुले पत्र

प्रति,
दिघ्यातले बिल्डरशेठ,

विषय: बांधकाम व्यवसायाचा परवाना कसा मिळवावा याबाबत.

शेठ,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची आपल्याकडे रीत आहे. तुमच्या बाबतीत ती पाळावीशी वाटत नाही. नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रस्त्यावरून दिघ्यात आत वळलं की तुम्ही बांधलेल्या इमारती दिसतात. त्या उभ्या करण्याआधी जी दारं ठोठावायची असतात, त्यांतलं एकही तुम्ही ठोठावलं नाही. मी लहान ठेकेदार आहे. गटारं, संरक्षक भिंती, शाळांची डागडुजी अशी सरकारी कामं करतो. त्या दारांत मी उभा राहिलो आहे, म्हणून तुम्ही चुकवलेला रस्ता तुम्हाला सांगतो.

सरकारचं काम हवं असेल तर आधी सार्वजनिक बांधकाम विभागात ठेकेदार म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणीचे वर्ग ठरलेले असतात आणि किती रकमेपर्यंतचं काम घेता येईल हे वर्गावर ठरतं. पॅन, जीएसटी, आयकर विवरणपत्रं, बँकेचा ऐपतीचा दाखला, आधी केलेल्या कामांची प्रमाणपत्रं, यंत्रसामग्रीची यादी, पदरी असलेल्या अभियंत्यांची माहिती, हे सगळं द्यावं लागतं. अनुभव नसलेल्या तरुण अभियंत्यासाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून वेगळी नोंदणी आहे. मुदत संपली की नूतनीकरण करावं लागतं आणि काम वाईट केलं तर नाव काळ्या यादीत जातं. म्हणजे गावातलं चार फुटांचं गटार बांधणाऱ्यालाही आपली लायकी कागदावर दाखवावी लागते.

तुमच्या घरात वीज जोडणाऱ्या वायरमनकडे परवाना असतो. विजेच्या ठेकेदाराला राज्याच्या अनुज्ञापक मंडळाकडून अनुज्ञप्ती घ्यावी लागते. नळजोडणी करणाऱ्या प्लंबरलाही महापालिकेचा परवाना लागतो. पण खासगी इमारतीचे मजले चढवणाऱ्या माणसाला ‘तुला बांधता येतं का?’ असं विचारणारा परवानाच महाराष्ट्रात नाही. या भगदाडातून तुम्ही आत शिरलात आणि दारावर ‘डेव्हलपर्स’ अशी पाटी लावलीत.

तरी कायदा तुम्हाला मोकाट सोडत नव्हता. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार बांधकामाआधी नियोजन प्राधिकरणाची परवानगी लागते. जमिनीची मालकी दाखवायची, वास्तुविशारदाने नकाशा करायचा, स्ट्रक्चरल इंजिनिअरने खांब-तुळयांचा हिशेब द्यायचा. मग प्रारंभ प्रमाणपत्र, ज्याला आपण सीसी म्हणतो, हाती येतं. जोत्यापर्यंत काम आलं की तपासणी होते. काम पुरं झालं की भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. २०१७ पासून महारेरा हे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणही आहे. भूखंड पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा असेल आणि घरं आठपेक्षा जास्त असतील, तर नोंदणी केल्याशिवाय जाहिरातही करता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातला ७० टक्के वाटा वेगळ्या खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करावा लागतो. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी भरावा लागतो.

तुम्ही काय केलंत? जमीन एमआयडीसीची, सिडकोची किंवा आणखी कुणाची. ती तुमची नव्हतीच, मग नकाशा कुणाकडे मंजुरीला देणार? जोडून सुट्टी आली की रातोरात स्लॅब टाकायचा आणि अतिक्रमण पथक येईपर्यंत खोल्यांत माणसं घुसवायची. कागद म्हणून स्टॅम्प पेपरवर नोटरीचा शिक्का. विकत घेणाऱ्याने सीसी मागितली तर ‘सगळं मॅनेज आहे’ हे उत्तर. भिंतीला ज्या मजुराने प्लास्टर केलं, त्याची कुठे नोंद नाही आणि त्याच्या कमरेला दोरीही नाही.

मग २०१५ साल आलं. मुंबई उच्च न्यायालयाने दिघ्यातल्या ९९ बेकायदा इमारतींवर कारवाई करायला सांगितलं आणि त्या ऑक्टोबरात हातोडा पडू लागला. कुणी गावची जमीन विकून, कुणी बायकोचे दागिने गहाण ठेवून, कुणी गिरणीचा किंवा कंपनीचा हिशेब झाल्यावर मिळालेल्या पैशातून तिथे घर घेतलं होतं. पोरांची परीक्षा, म्हाताऱ्यांची औषधं आणि दारात पोलीस बंदोबस्त, असे दिवस त्यांनी काढले. लोक रस्त्यावर उतरले. त्या गर्दीत तुम्ही कुठे होतात? सरकारने बेकायदा बांधकामं नियमित करण्याचं धोरण आणलं, २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने ते नाकारलं. मग २०१७ मध्ये त्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली. तारखा पडत राहिल्या. टांगती तलवार राहिली ती राहणाऱ्यांच्या डोक्यावर. तुम्ही तोवर पुढच्या भूखंडावर खड्डा खणला होता.

‘गरिबाला स्वस्तात घर दिलं’ हे तुमचं ठरलेलं वाक्य. शेठ, ते घर स्वस्त होतं कारण तुम्ही जमिनीचे पैसे दिले नाहीत, अभियंत्याचे दिले नाहीत, लोखंडात आणि सिमेंटमध्ये हात आखडला. जो खर्च तुम्ही वाचवलात तो धोका बनून त्या कुटुंबाच्या डोक्यावर गेला. इथून जवळच शिळफाट्याला ४ एप्रिल २०१३ रोजी अशीच एक बेकायदा इमारत काम चालू असतानाच कोसळली. ७४ माणसं गेली, त्यात लहान मुलं होती. तीही स्वस्त घरंच होती.

आणि शिक्षा? विनापरवानगी बांधकामाला नगररचना कायद्यात एक महिना ते तीन वर्षांचा तुरुंगवास आहे; दंडाची कमाल रक्कम पाच हजार रुपये. एका खोलीच्या टोकनपेक्षाही कमी. उलट अशा घरात राहणाऱ्याकडून महापालिका मालमत्ता कराबरोबर बेकायदा बांधकामाची शास्तीही घेऊ शकते आणि ती भरूनही घर कायदेशीर होत नाही. गुन्हा तुमचा, भरपाई त्याची.

नुसते कागद वाढवून भागणार नाही, हे डोंबिवलीने दाखवलं. तिथे ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायला सांगितल्या. म्हणून मागणी इमारतीच्या कागदापुरती नको, माणसापर्यंत जायला हवी. बांधकाम करणाऱ्या प्रत्येक बिल्डरला आणि ठेकेदाराला राज्याचा परवाना सक्तीचा करा. त्याची लायकी तपासा, अनामत घ्या, नाव सर्वांना पाहता येईल असं जाहीर करा. एक बेकायदा मजला चढला की तो परवाना कायमचा रद्द व्हावा आणि पाडकामाचा खर्च व घर घेणाऱ्याचे पैसे त्याच्या मालमत्तेतून वसूल व्हावेत. मजले चढताना ज्यांनी डोळे मिटले, त्या अधिकाऱ्यांची आणि पाठीशी उभ्या राहिलेल्या पुढाऱ्यांचीही त्याच फाइलमध्ये चौकशी व्हावी. तुम्ही एकटे इतके मोठे झाला नाहीत.

शेवटचे शब्द तुमच्यासाठी नाहीत, घर शोधत फिरणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांसाठी आहेत. दिघा गाव स्टेशन २०२४ मध्ये सुरू झालं, आता इथे घरं घ्यायला आणखी लोक येतील. टोकनचा एक रुपयाही देण्याआधी जमिनीची कागदपत्रं, सीसी आणि महारेराचा क्रमांक मागा. कागद हाती आला की महापालिकेत आणि महारेराच्या संकेतस्थळावर तो स्वतः पडताळून पाहा. कागद दाखवायला जो शेठ टाळाटाळ करेल, त्याच्या ऑफिसातून तिथल्या तिथे उठा आणि शेजाऱ्यालाही सावध करा.

दिघ्यातला एक नोंदणीकृत ठेकेदार