थंडावलेली चळवळ

तुपात न्हालेलं पोंगल, वडे आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात उंचावरून ओतलेली डिग्री कॉफी. कुंभकोणम्‌ला तीन दिवस मी एवढंच केलं. आत गेलेलं बाहेर यायचं नाव घेईना, तेव्हा यजमान मला डॉक्टरांकडे घेऊन गेले.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी इंग्रजीत विचारलं, "मूव्हमेंट कशी काय?"

माणूस चौकस वाटला. म्हटलं, "कॉलेजात जोरात होती. फीवाढीच्या वेळी तर विचारू नका."

"रोज?"

"छे! परीक्षा आल्या की बंद."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जोर करावा लागायचा?"

"भलताच. घसा बसायचा."

शेवटी यजमानांनी तमिळमध्ये काहीतरी खुलासा केला. कंपाउंडर आत जाऊन हसून आला.

चूक इंग्रजांची. घड्याळातलं यंत्र, सिंफनीचा खंड, समाजसुधारणा आणि सकाळचा विधी, सगळे एकाच शब्दाच्या खोलीत कोंबलेत. आपल्याकडे सैन्य कूच करतं, गाण्याला चाल असते, आजाऱ्याची हालचाल असते. चळवळ तेवढी दोघांची: पोरांची आणि पुढाऱ्यांची. पोराने केली तर आई धपाटा घालते, मोठेपणी केली तर पोलीस.

यजमान तंजावरी मराठी. गावाची अब्रू सावरायला वाटेत म्हणाले, "चळवळीचं म्हणाल तर आमचं गावही मागं नाही." खरंच होतं. त्रावणकोर, इंदूर, बडोदा अशी तीन संस्थानं सांभाळलेले दिवाण सर टी. माधवराव इथलेच, जन्म 1828 चा. विधवाविवाहाचा कैवार घेणारे त्यांचे चुलतभाऊ आर. रघुनाथराव हेही इथलेच. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्ष माधवराव, आणि तिथेच रानड्यांबरोबर सामाजिक परिषद उभी केली ती रघुनाथरावांनी. एका घरात दोन चळवळी, आणि मला एक जमेना.

औषध घेऊन दारासुरमला गेलो. ऐरावतेश्वराच्या देवळात दुसऱ्या राजराज चोळाच्या काळचा दगडी रथ आहे. चाकं आहेत, ताणलेले घोडे आहेत, पण बाराव्या शतकापासून गाडं तसूभर हललेलं नाही. मला एकदम भाऊबंद भेटल्यासारखं झालं. चाकावरून हात फिरवत होतो, तोच पोटात कुणीतरी पहिली घोषणा दिली. मग दुसरी. मग मोर्चाच निघाला.

धावत रिक्षा गाठली. रिक्षावाल्याने विचारलं, "अवसरमा, सार?" म्हणजे, घाई आहे का?

मी शुद्ध मराठीत सांगितलं, "चळवळ पेटलीय!"

भाषांतराची गरज पडली नाही.