उत्तेजनार्थ जनजागृती

डिसेंबर उजाडला की धाराशिव जिल्ह्यातल्या शाळांत समाजसुधारकांचं पीक येतं. कळंबपासून उमरग्यापर्यंत आठही तालुक्यांत ते जोमात असतं, आणि पावसावर अजिबात अवलंबून नसतं.

वक्तृत्व स्पर्धेचे विषय ठरलेले. ‘पाणी हेच जीवन’, ‘प्लास्टिकमुक्त गाव’, ‘लेक शिकवा’, ‘मोबाइल : शाप की वरदान’. वेळ पाच मिनिटं, मग घंटा. त्यातलं दीड मिनिट सन्माननीय व्यासपीठ आणि वंदनीय गुरुजन खातात, एक मिनिट ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो’ला लागतं. उरलेल्या अडीच मिनिटांत वसुंधरा वाचवायची असते.

खरे परीक्षक मात्र सतरंजीवर बसलेले असतात. ‘झाडे लावा’ म्हणून गरजणाऱ्याने परवाच स्टंपासाठी कडुलिंबाची फांदी मोडलेली वर्गमित्रांनी पाहिलेली असते. तरी टाळ्या तेच कडाडून वाजवतात. पुढचा नंबर त्यांचाच असतो.

राज्यात प्लास्टिकबंदी २०१८ साली आली. तिच्यावर बोलून पहिल्या आलेल्याला प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेला पुष्पगुच्छ मिळतो. दुष्काळावरचं भाषण तर थोरल्या भावाकडून धाकट्याकडे गणवेशासारखं येतं. सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याकडे पुराने शेतं खरवडून नेली, माणसं हेलिकॉप्टरने काढावी लागली. भाषणाला काही झालं नाही. दुष्काळाच्या आधी ‘ओला’ घातलं की काम भागतं.

२०२३ मध्ये उस्मानाबादचं अधिकृतपणे धाराशिव झालं आणि पाठ केलेल्या भाषणांतही खाडाखोड झाली. शेळी तेवढी उस्मानाबादीच राहिली. जुळी करडं देऊन ती इथल्या कितीतरी घरांची फी भरते, पण ‘मुक्या प्राण्यांवर दया’ या विषयात तिला जागा नाही. तिथे काझीरंग्याचा गेंडा लागतो.

याच धाराशिव शहरात जानेवारी २०२० मध्ये ९३वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘हरित वसई’ चळवळीसाठी रस्त्यावर उतरलेला माणूस. निवडीला विरोध झाला, पाठीच्या दुखण्याने बेजार होते, तरी ते आले आणि बोलले. आपल्या शालेय स्पर्धेच्या गुणपत्रिकेत त्यांचे हावभावाचे दहा गुण हमखास गेले असते.

एखाद्या वर्षी एखादी मुलगी गडबड करते. ‘लेक शिकवा’वर उभी राहते आणि सावित्रीबाईंपासून सुरुवात करायची सोडून थेट एसटीवर येते. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना पास फुकट आहे, सर. पण शाळा सुटल्यावर गावाकडं गाडीच नाही. आहे ती अंधार पडल्यावर. म्हणून आमच्यातल्या दोघींचं नाव घरच्यांनी काढलं.

सतरंजीवरची कुजबुज थांबते. मागून कुणीतरी म्हणतं, “खरं बोलायलीय की ही!” परीक्षक मात्र कागदावर ‘विषयांतर’ असं लिहितात. कवितेच्या ओळी नाहीत, आवाजात चढउतार नाही, ‘सन्माननीय व्यासपीठ’ तर विसरलीच. उत्तेजनार्थ.

बक्षीस घ्यायला तिला थांबावंच लागतं, कारण प्रमुख पाहुण्यांना यायला दोन तास उशीर झालेला असतो. तिची एसटी निघून गेल्यावर ते ‘लेक शिकवा’वर बोलायला उठतात. त्यांच्यासाठी घंटा वाजवण्याची पद्धत नाही.